टाईट हवेचं खूळ

लायब्ररीच्या उतारावर पाच जाड पांढरे पट्टे आहेत. आपण सगळे रोज त्यांवरून जातो. बाईकवाले शिव्या घालत जातात, चालणाऱ्यांचं तिकडे लक्षही नसतं, आणि सायकलवाले हँडल घट्ट धरून, दात आवळून, पाच वेळा खडखडत खाली उतरतात. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दिवशी माझा रूम पार्टनर चौथ्या पट्ट्यापर्यंत सायकलवर होता. पाचवा त्याने सायकलीशिवाय ओलांडला.

उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. राहिलेले दोन पेपर लेखनिक घेऊन दिले. लेखनिकाला तोंडाने फ्री बॉडी डायग्राम काढायला सांगणं हा काय प्रकार असतो, ते त्यालाच विचारा.

रात्री मेसमध्ये नेहमीप्रमाणे चौकशी समिती बसली. एक म्हणाला, टायर गुळगुळीत होता, नक्षी नव्हती, म्हणून घसरला. दुसरा म्हणाला, इतका बारीक टायर म्हणजे घसरणारच. तिसरा म्हणाला, पावसात सायकल काढायचीच कशाला. हवेबद्दल कोणीच बोललं नाही. मीही गप्प बसलो, कारण आदल्या दिवशी संध्याकाळी त्या टायरवर अंगठा दाबून "अजून भर, अजून भर, दगड झाला पाहिजे" असं सांगणारा मीच होतो.

म्हणून हा लेख. निदान अंगठ्यावर भरवसा ठेवणारे आणखी दोन-चार जण तरी सावध होतील.

सायकल होती सेकंड हँड रोड बाईक, पासआऊट होणाऱ्या एका सिनिअरकडून घेतलेली. टायर ७०० बाय २३. यातला २३ म्हणजे टायरची रुंदी २३ मिलिमीटर, साधारण आपल्या अंगठ्याएवढी. असा टायर समोर आला की आपल्या हॉस्टेलमधल्या कुठल्याही तज्ज्ञाचं मत एकच असतं : टायर जितका बारीक आणि हवा जितकी टाईट, तितकी सायकल फास्ट. हे इतकं सरळ वाटतं की तपासावंसंही कोणाला वाटत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनासुद्धा नाही, हे विशेष.

आता थोडं मेकॅनिक्स. घाबरू नका, व्हायवा नाही. टायर रस्त्यावर टेकतो तिथे तो चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. चपटा होताना रबर आणि आतलं कापड जितकी ऊर्जा खातात, तितकी गोल होताना परत देत नाहीत. मधला फरक उष्णता होऊन जातो. हिस्टेरेसिस या शब्दावर आपण आठ-आठ मार्कांची उत्तरं लिहितो, ती भानगड रोज आपल्या बुडाखाली चाललेली असते. टायर चालवायला लागणारं जोर मुख्यतः इथे जातं. हवा वाढवली की टायर कमी चपटा होतो आणि तोटा कमी होतो. इथपर्यंत अंगठावाल्यांचं बरोबर आहे.

गंमत पुढे आहे. वजन तेच आणि हवेचा दाब तोच असेल, तर टायर बारीक असो वा जाड, रस्त्याला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच असतं. साधं आहे, बल भागिले दाब. फरक पडतो तो आकारात. बारीक टायरचा टेकलेला भाग लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. लांबट भाग म्हणजे टायरची कड जास्त वाकणार, जास्त ऊर्जा खाणार. म्हणजे सारख्या दाबाला रुंद टायर *कमी* अडतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा आकृती काढून बघितली.

मग इतकी वर्षं सगळे बारीक टायर घालून का पळत होते? १९९०च्या दशकात शर्यतीचे टायर २०-२१ मिलिमीटरचे असायचे, पुढच्या दशकात २३ हा जणू कायदाच होता. बारीक टायर हलका असतो, हवा कमी कापतो, ही कारणं होतीच. पण एक कारण मला फार शिकण्यासारखं वाटतं. टायरची चाचणी लॅबमध्ये गुळगुळीत पोलादी ड्रमवर व्हायची. ड्रमवर टायर फिरवायचा, वरून वजन द्यायचं, मोटरला किती पॉवर लागते ते मोजायचं. असं मोजलं की दाब जितका वाढवाल तितका आकडा सुधारतच जातो. ग्राफ सुंदर येतो. फक्त त्या यंत्रात खड्डे नसतात आणि सीटवर माणूस नसतो.

सिएटलचे यान हाइने, 'बायसिकल क्वार्टरली' या मासिकाचे संपादक, यांनी २०००च्या दशकात चाचण्या ड्रमवरून उचलून खऱ्या रस्त्यावर नेल्या. त्यातली एक चाचणी त्यांनी घेतली ती अमेरिकेतल्या हायवेच्या कडेला असतात त्या खडखडाट करणाऱ्या पट्ट्यांवर. निष्कर्ष असा की रस्ता खडबडीत असेल तर टणक टायर धक्का गिळत नाही, तो आख्खी सायकल आणि वरचा माणूस उचलतो. माणसाचं शरीर म्हणजे एक मोठं डँपर. मांड्या, पोट, दंड सगळे हादरतात आणि पायाने घातलेली पॉवर तिथे विरून जाते. टायरमध्ये वाचवलेली ऊर्जा आपण आपल्याच चरबीत घालवतो. वर जोरात गेल्यासारखं वाटतं ते वेगळंच, कारण हँडल थरथरतं आणि थरथर म्हणजे वेग अशी आपली समजूत असते. एसटीतून प्रवास केलेल्या माणसाने तरी अशी समजूत करून घेऊ नये.

मग शर्यतवाल्यांनी काय केलं? हळूहळू पंचविसावर आले, आणि आज मोठ्या शर्यतींमध्ये २८-३० मिलिमीटरचे टायर आणि आपला हॉस्टेल तज्ज्ञ "पंक्चर आहे काय रे" म्हणेल इतकी कमी हवा ही सर्रास गोष्ट आहे. उत्तर फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे शर्यतीत सुमारे २६० किलोमीटरपैकी पन्नासहून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदीचे असतात. तिथे २०२४ साली माथ्यू व्हान डर पूल तीस-बत्तीस मिलिमीटरच्या टायरवर ताशी जवळपास ४८ किलोमीटरच्या सरासरीने जिंकला. त्या शर्यतीत तोपर्यंत एवढी सरासरी कोणी मारली नव्हती. लाकडी व्हेलोड्रोमवर अजूनही बारीक आणि टणक टायर चालतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे खड्डा नसतो. आपल्या कॅम्पसात व्हेलोड्रोम असेल तर मला तरी दिसलेला नाही.

एक कबुली इथेच देतो, नाहीतर ऑटोमोबाईलवाले पकडतील. रुंद टायर अरुंद रीमवर बसवला की बल्बसारखा फुगतो आणि मोठ्या वेगाला हवेचा अडथळा वाढतो. शर्यतवाल्यांनी टायरबरोबर रीमही रुंद केल्या, तेव्हा कुठे गणित जमलं. पण हा प्रश्न ताशी चाळीसने जाणाऱ्यांचा आहे.

आणि आपण? आपण ताशी पंधराने जातो. पाठीवर सॅक, बहुतेक वेळा कॅरिअरवर एक मित्र, समोरून वारा. कागद घ्या. माणूस, सायकल, सॅक मिळून ८० किलो धरा. साध्या जाड रबराच्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.००८ धरला, तर ताशी १५ ला टायर साधारण २६ वॉट खातो. ताठ बसलेल्या माणसाला त्याच वेगाला हवा खाते वीस-एकवीस वॉट. म्हणजे आपल्या पॅडलिंगपैकी निम्म्याहून जास्त टायरला जातं! उलट ताशी ४० ने जाणारा, ओणवा झालेला शर्यतवाला घ्या, गुणांक ०.००४. त्याच्या टायरला ३५ वॉट, हवेला दोनशे तीसच्या वर. त्याच्या दृष्टीने टायर म्हणजे आठवा हिस्सा. टायरवर चर्चा करतो तो आणि जास्त भोगतो आपण. ०.००८ चा टायर काढून ०.००४ चा घातला तर आपले तेरा वॉट वाचतात, म्हणजे सगळ्या मेहनतीचा चौथा हिस्सा. आणि हा फरक रुंदीने कमी, टायर कसल्या कापडाचा आणि रबराचा आहे त्याने जास्त पडतो. लवचीक कड, पातळ कापड, चांगलं रबर. हाताने चिमटीत दाबून बघा, पुठ्ठ्यासारखा लागला तर ठेवून द्या.

वजनाचं म्हणाल तर विसरा. बोरघाटाच्या चढावर अर्धा तास घाम गाळणाऱ्याला टायरचे शंभर ग्रॅम कमी केल्याने दोन-अडीच सेकंद मिळतात. मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा व्हायचं असेल त्यांनी जरूर मोजावेत. आपल्या सॅकमध्ये त्याच्या दहापट वजनाचं जर्नल असतं, ज्यात सही राहिलेली असते.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. (त्याच्याआधी रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, आणि नंतर डनलॉपचं पेटंट त्यामुळेच बाद झालं. प्रोजेक्टचा लिटरेचर सर्व्हे नीट करावा, तो असा.) पुढच्या वर्षी मे महिन्यात विली ह्यूम नावाचा एक सायकलस्वार हे फुगीर टायर लावून तिथल्या क्वीन्स कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये उतरला. बाकी सगळे बारीक, भरीव रबराच्या चाकांवर. म्हणजे टणकपणात त्यांचा हात कोणी धरला नसता. ह्यूमचे गुबगुबीत टायर बघून लोक हसले असं सांगतात. शर्यती ह्यूमने जिंकल्या. कॉलेजच्या ग्राउंडवर निकाल लागलेला वाद आपण कॉलेजच्या मेसमध्ये अजून चालवतोय.

आता घसरण्याचं. "नक्षी नव्हती म्हणून घसरला" हे तर साफ चूक. कारच्या टायरला खाचा लागतात, कारण वेगात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याची पाचर घुसते आणि गाडी पाण्यावर तरंगते. हे कुठल्या वेगाला होतं त्याचं एक सोपं सूत्र नासामध्ये १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवरून निघालं : दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, नवाने गुणा, उत्तर नॉटमध्ये. ८१ पीएसआयला उत्तर येतं ८१ नॉट, म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आपला रूम पार्टनर कितीही उत्साही असला तरी लायब्ररीच्या उतारावर १५० ला नव्हता. डांबरावर सायकलचा गुळगुळीत टायर पावसातही नक्षीवाल्याइतकाच धरतो, कारण जास्त रबर रस्त्याला लागतं. चिखल आणि मातीची गोष्ट वेगळी, तिथे नक्षी हवीच.

मग तो पडला कशाने? माझा अंदाज असा. पहिला पाऊस, रस्त्यावर तीन महिन्यांची धूळ आणि तेल. पांढऱ्या रंगाचे उंच पट्टे, जे ओले झाले की साबण. आणि पुढच्या चाकात एकशेवीसच्या आसपास हवा. पट्ट्यावर चाक आपटलं, टणक टायर दबला नाही, उडाला. उडालेलं चाक परत टेकलं ते नेमकं रंगावर, आणि तेव्हाच त्याने पुढचा ब्रेक दाबला. हाइनेंनी जी चाचणी हायवेच्या कडेला मुद्दाम घेतली, ती आपण सगळे रोज दोनदा फुकट देतो. रंगावर ब्रेक दाबला ही त्याची चूक, तो मान्य करतो. पण त्याच्या वजनाला त्या बारीक टायरमध्येसुद्धा पुढे ८०च्या आसपास पीएसआय पुरले असते. उरलेले चाळीस माझ्या अंगठ्याचे. पंप होता, पण त्याला गेज नव्हतं, आणि सत्तरच्या पुढे गेलं की अंगठ्याला सत्तर, शंभर आणि एकशेवीस सारखेच लागतात. करून बघा.

टायरच्या कडेला "१२०" छापलेलं होतं हे माझं समर्थन होतं. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. "यापुढे भराल तर जबाबदारी तुमची" असा त्याचा अर्थ, "इतकी भराच" असा नाही. औषधाच्या बाटलीवरची कमाल मात्रा वाचून कोणी ती रोज घेतो का?

हे सगळं ज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं ते आपल्या मेसचे काका. रोज नऊ किलोमीटर येणं आणि नऊ जाणं, काळी जुनी सायकल, २८ बाय दीडचे टायर. अपघातानंतर चार दिवसांनी त्यांनी आमची सायकल उचलून बघितली, पुढचं चाक दाबलं आणि म्हणाले, "ह्यात हवा हाय, पर गादी न्हाई. पुढं जरा नरम ठिवायची असती. मागं वजन येतंय, मागं टाईट. अन् पावसाळ्यात दोन्हीकडं थोडी कमी." मी विचारलं, काका, कोणी शिकवलं? तर म्हणाले, "पडलो की दोनदा."

नंतर घरी हिशोब केला. सायकलवर साधारण ४० टक्के वजन पुढच्या चाकावर येतं, ६० टक्के मागच्या. आपण दोन्हीकडे सारखी हवा भरतो, म्हणजे एक चाक तरी हमखास चुकतं.

उलटं टोकही आपल्याकडे आहे, हे विसरून चालणार नाही. हॉस्टेलच्या स्टँडमध्ये निम्म्या सायकली अर्ध्या हवेवर उभ्या असतात. कारण आळस. टायर लडबडतो, खड्ड्यात रीम थेट दगडाला लागते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडीची भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. एकच भोक असेल तर मात्र टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. मागच्या गेटबाहेर सराटे आहेत, टपऱ्यांपाशी काचा आहेत, आणि पंक्चरवाले मामा आठला दुकान बंद करतात. शर्यतीच्या मलमली टायरचा मोह मला वर होत होता, पण तिथे मी जरा आवरतो. मागच्या चाकाला पंक्चर जास्त होतात, तिथे जाड पट्टा असलेला मजबूत टायर घ्यावा. पुढे चांगल्या रबराचा, लवचीक. आणि टायर झिजले की नवा टायर पुढे लावायचा, पुढचा मागे न्यायचा. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, कारण मागचा आधी झिजतो. मागचा घसरला तर माणूस बहुधा सावरतो. पुढचा घसरला तर काय होतं ते वर लिहिलंय.

टायर बदलायला बाजारात जाणाऱ्यांसाठी एक. "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणू नका. मी म्हटलं. दुकानदाराने २८ बाय दीडचा दिला, काकांच्या सायकलीचा. तो ६३५ मिलिमीटरच्या रीमचा, रोड बाईकची रीम ६२२ ची. तेरा मिलिमीटरचा फरक, टायर रीमवर गळ्यातल्या हारासारखा लोंबला. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "इंजिनिअरिंगला का?" टायरच्या कडेला बारीक अक्षरात २८-६२२ असं लिहिलेलं शोधा, पुढचा आकडा रुंदी, मागचा रीमचा. आणि घेण्याआधी ब्रेक आणि फ्रेममध्ये जागा किती ते मोजा. जुन्या रोड बाईकमध्ये २५ बहुतेक बसतो, २८ नशिबावर.

आता जिमखाना समितीला आणि रेक्टर सरांना विनंती. यंदाच्या बजेटमध्ये आंतर-महाविद्यालयीन शर्यतीसाठी कार्बनच्या चाकांची एक जोडी घ्यायचं चाललंय असं कानावर आलं. घ्या, आपले दोन स्पर्धक आनंदित होतील. पण त्या किमतीत प्रत्येक हॉस्टेलच्या स्टँडमध्ये गेज असलेला एक उभा पंप, साखळीने बांधलेला, तिन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालेल असा, आणि शेजारी कानस, सोल्युशन, पॅचचा डबा ठेवता येईल. वर पैसे उरतील. मेसचा आणि सिक्युरिटीचा स्टाफ सायकलने येतो, त्यांनाही तो वापरू द्यावा. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमधून टायरचा दाब गेजवर नीट दिसत नाही, तिथे काकांचा हात गेजपेक्षा भारी आहे. आणि लायब्ररीच्या उतारावरचे ते पाच पट्टे कृपया वळणाच्या तोंडावरून वर हलवा. ते वेग कमी करायला घातले आहेत, पण आहेत नेमके तिथे जिथे सायकलवाला ब्रेक दाबतो. रंगात खरखरीत वाळू मिसळली तरी पुष्कळ. अर्ज मी जुलैमध्ये दिला आहे, त्यावर पोच आहे, उत्तर नाही.

रूम पार्टनरचं प्लास्टर निघालंय. मनगट अजून पूर्ण वळत नाही, बादली डाव्या हाताने उचलतो. त्याच्या फ्रेममध्ये २८ बसला. मागे ८०, पुढे ६०. पहिल्या दिवशी तो स्टेशनपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, हळू वाटते रे. घड्याळात बघितलं तर वेळ तोच होता, अर्धा मिनिट कमीच. दर रविवारी सकाळी हवा तपासतो. मी सवयीने अंगठा पुढे केला की माझा हात बाजूला सारतो आणि गेज मागायला सी विंगमध्ये जातो. आख्ख्या हॉस्टेलमध्ये तेवढं एकच आहे.